गॅस कोणाच्या जागी?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितले आणि मुंबईत भलताच वाद पेटला. लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव गॅसच्या भट्टीत उतरेल का? वडापाव तोच राहील का? लोक हळवे झाले. इराणी बेकऱ्यांच्या आठवणी निघाल्या, ब्रून पावाचा कडकपणा, पहाटेचा तो वास. पण भट्टीत जळते काय, हे फार थोड्यांनी विचारले. अनेक ठिकाणी ते जंगलातले सरपण नसून भंगारातले लाकूड असते: मोडलेले फर्निचर, पॅकिंगची खोकी, रंग आणि पॉलिश चढलेल्या फळ्या. ते स्वस्त मिळते, म्हणून जळते. त्याचा धूर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो. पावाच्या चवीचा हळवेपणा मला समजतो, पण ती चव रंगाच्या धुराची असेल तर तिचे श्राद्ध घालायला माझी हरकत नाही.

बेकरीवाल्यांचे खरे दुखणे वेगळेच होते. नव्या भट्टीचा खर्च, जागेची अडचण, गॅसची पाइपलाइन गल्लीपर्यंत आली आहे की नाही, आणि महिन्याचे बिल. पाव ही गरिबाची भाकरी. तिच्या लादीमागे चार आणे वाढले तरी हंगामा होतो.

ही छोटी गोष्ट आधी घेतली, कारण नैसर्गिक वायूवरची आपली चर्चा नेहमी फार उंचावरून चालते. देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, असे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. हा वाटा कित्येक वर्षे सहा-सात टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे. परिषदांमधून हे १५ टक्के मंत्रासारखे म्हटले जातात. गॅसवाले टाळ्या वाजवतात आणि पर्यावरणवाले कपाळाला हात लावतात. मला दोघांचेही पटत नाही. गॅसची बाजू घेऊन मी हा लेख लिहितो आहे, पण ती टक्केवारी वाढावी म्हणून नव्हे. गॅस किती जाळला यावरून त्याची बरी-वाईट किंमत ठरत नाही. तो कोणाच्या जागी जळला, यावरून ठरते. बेकरीत तो भंगार लाकडाच्या जागी येतो, तिथे तो देवमाणूस आहे. सौरऊर्जेच्या जागी आला तर तोच गॅस घरात शिरलेला चोर ठरतो. एकाच घनमीटरची ही दोन रूपे आहेत.

आधी साधा हिशेब मांडू. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज केली की साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच युनिट चांगल्या, वाफेचाही उपयोग करून घेणाऱ्या गॅस प्रकल्पात केले की सुमारे ४०० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय राख नाही. ही राख काय असते ते मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या लोकांना विचारावे. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. हा हिशेब कार्बनच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही. विदर्भाने राख गिळायची आणि पश्चिम महाराष्ट्राने वातानुकूलित यंत्रे लावायची, ही आपली जुनी वाटणी आहे.

मग देशभर कोळशाच्या जागी गॅस का लावू नये? याचे उत्तर महाराष्ट्राइतके महाग विकत घेतलेले दुसरे राज्य नसेल.

गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प आज तरुण वाचकांना बहुधा फक्त नावाने माहीत असेल. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी करार करण्याची बोलणी सुरू झाली. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, त्याच वर्षी युतीच्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत नव्याने वाटाघाटी करून पुन्हा जिवंतही केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. तोही गॅसवर नव्हे, नाफ्त्यावर. गॅस दुसऱ्या टप्प्यात, द्रवरूपात, जहाजाने यायचा होता. करार असा की वीज मंडळाने वीज उचलो वा न उचलो, प्रकल्प तयार आहे म्हणून ठरावीक रक्कम मोजायची, आणि तीही डॉलरशी बांधलेली. पुण्याच्या प्रयास या संस्थेतल्या मंडळींनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यालाच कागद-पेन्सिल घेऊन यातला धोका आकड्यांत दाखवला होता. झाले तसेच. २००० साली काही महिने युनिटमागे सात रुपयांच्या वर दर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढची कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्र बारा-बारा तासांचे भारनियमन सोसत होता आणि कोकणच्या किनाऱ्यावर देशातला एक आधुनिक वीज प्रकल्प कुलूप लावून उभा होता.

२००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांनी मिळून त्याला रत्नागिरी गॅस अँड पॉवर हे नवे नाव दिले. नाव बदलले, पत्रिका तीच राहिली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रातून २००९ मध्ये गॅस येऊ लागला तेव्हा देशभर आनंदीआनंद झाला. त्या गॅसच्या भरवशावर ठिकठिकाणी गॅस प्रकल्पांचे आराखडे झाले, बँकांनी कर्जे दिली. दोन-तीन वर्षांत तिथले उत्पादन कोसळले. १४ हजार मेगावॉटहून जास्त क्षमतेचे प्रकल्प इंधनावाचून अडकले. दाभोळही त्यातलेच. तिथले द्रवरूप वायूचे टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले खरे, पण लाटा अडवणारी ब्रेकवॉटरची भिंत अपुरी राहिल्याने पुढे कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागूच शकत नव्हते. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या दिवसांत हजारो कोटींचे टर्मिनलही किनाऱ्याला लागत असे. कोकणी माणसाला यात काही नवल वाटले नसेल.

दाभोळचा धडा सहसा ‘परदेशी कंपनीने लुटले’ असा सांगितला जातो. तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा की गॅसची वीज चोवीस तास, बाराही महिने घेण्याचे वचन देणे, हाच मुळात आपल्यासाठी आतबट्ट्याचा व्यवहार होता. घरचा गॅस पुरत नाही. आपण वापरतो त्यातला जवळपास निम्मा आयात होतो, त्यातला मोठा भाग कतारचा, म्हणजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येणारा. ज्या देशाच्या जमिनीत कोळसा आहे आणि डोक्यावर तीनशे दिवस ऊन आहे, त्याने चोवीस तासांची वीज एका अरुंद खाडीच्या भरवशावर का ठेवावी?

२०२२ मध्ये हा प्रश्न पुन्हा एकदा दारात आला. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपचा पाइपलाइनचा गॅस आटला, आणि श्रीमंत युरोप द्रवरूप वायूच्या बाजारात थैली घेऊन उतरला. भाव आभाळाला भिडले. बांगलादेशाने जुलैमध्ये खुल्या बाजारातून गॅस घेणेच थांबवले आणि भारनियमन सुरू केले. पाकिस्तानलाही काळोखात बसावे लागले. आपल्या सरकारी ‘गेल’ कंपनीचा रशियन गाझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार होता. ती कंपनी दरम्यान जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि आपली जहाजे यायची थांबली. करार होता, मुदत होती, सही-शिक्के होते. जहाज मात्र आले नाही.

याच्या उलट बाजूला कतारशी पेट्रोनेट या आपल्या गॅस आयात करणाऱ्या कंपनीने केलेला वर्षाला ७५ लाख टनांचा करार आहे. २००४ पासून गुजरातेतल्या दहेज बंदरात तो गॅस उतरतो आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मुदत २०४८ पर्यंत वाढवली गेली. त्या संकटाच्या काळात या कराराने आपल्याला सावरले, हे नाकारता येत नाही. पण २०४८! आपण २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. म्हणजे आज जन्मलेले बाळ पदवीधर होऊन कामाला लागेल तोवर हा गॅस येत राहणार. तो कुठे जाळायचा हे आत्ताच नीट ठरवले नाही, तर तो मिळेल तिथे जळेल.

गॅसला जगभर ‘सेतू इंधन’ म्हणतात. कोळशाकडून सूर्याकडे नेणारा पूल. महाराष्ट्रात ही उपमा जपून वापरावी. आपल्याकडे पूल बांधला की त्याचा टोल तीस वर्षे भरावा लागतो, आणि बांधकामाचा खर्च वसूल झाला का, हे कोणी सांगत नाही. मला गॅससाठी कोकणातला साकव जास्त बरोबर वाटतो. ओहोळावर दोन माड आडवे टाकायचे, पलीकडे जायचे. पुराने नेला तर दुसरा टाकायचा. साकवासाठी कोणी कर्जरोखे काढत नाही.

असा साकव कुठे टाकावा? माझ्या मते पहिली जागा संध्याकाळची.

भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ च्या अखेरीस एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. दुपारी वीज मुबलक झाली. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीमुळे शेतीचे पंपही दिवसा चालवण्याकडे कल आहे, आणि रात्री साप-विंचवाच्या धास्तीत मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो या योजनेची किंमत सांगेल. पण सूर्य मावळतो त्याच वेळी लोक घरी येतात. दिवे, पंखे, टीव्ही, स्वयंपाकघर, उन्हाळ्यात वातानुकूलन. सूर्याची वीज तासा-दोन तासांत शून्यावर येते आणि मागणी चढलेलीच असते. ही फट भरायला आज कोळसा आहे. कोळशाच्या संचाचा स्वभाव मात्र जुन्या संयुक्त कुटुंबातल्या आजोबांसारखा. थंड पडला की उठवायला कित्येक तास लागतात, आणि एकदा उठला की चटकन झोपत नाही. संध्याकाळी चार तास तो हवा असेल तर दुपारभर त्याला निदान अर्ध्या क्षमतेने जागवत ठेवावे लागते. म्हणजे चार तासांच्या गरजेपोटी दिवसभर कोळसा जळतो, आणि तितकी दुपारची सौर वीज बाहेर राहते. गॅस टर्बाइनचे तसे नाही. साधे टर्बाइन अर्ध्या तासात जोर धरते, वाफेसह चालणारा संचही काही तासांत तयार होतो. काम झाले की बंद.

ही टर्बाइन नव्याने घ्यायची नाहीत. ती आहेत. देशात वीस हजार मेगावॉटच्या आसपास गॅस प्रकल्प धूळ खात उभे आहेत. वर्षभराचा हिशेब केला तर ते क्षमतेच्या पंधरा टक्केही जेमतेम चालतात. त्यांचे पैसे बुडीत खात्यात गेले, काहींची कर्जे माफ झाली. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, त्या उन्हाळ्यात केंद्राने आणीबाणीचे कलम वापरून सगळ्या गॅस प्रकल्पांना तयार राहायला सांगितले होते. म्हणजे अडचणीत आपण तेच करतो. फक्त ते आणीबाणी म्हणून करतो, घाईत आणि पडेल त्या भावाने.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. वीस हजार मेगावॉट रोज संध्याकाळी चार तास चालवले तर आठ कोटी युनिट होतात. उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचे मिळून वर्षातले शंभर कठीण दिवस धरले, तर आठशे कोटी युनिट. देशाच्या वर्षभराच्या विजेच्या तुलनेत हे अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. आयात गॅस दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटमागे (गॅसच्या भावाचे हेच नेहमीचे माप) १२ डॉलरला पडला तर विजेच्या युनिटमागे इंधनखर्च साधारण आठ रुपये येतो. महाग आहे, पण वीज बाजारात टंचाईच्या संध्याकाळी दर दहा रुपयांच्या मर्यादेला टेकलेला असतोच. सगळा मिळून इंधनाचा खर्च ६,४०० कोटींच्या घरात. दाभोळ चोवीस तास चालवण्याच्या हट्टापुढे हा विमा स्वस्त आहे. विमाच तो. जळाला नाही तर आनंदच आहे.

यावर कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की बॅटऱ्या आहेत ना. आहेत, आणि दर वर्षी स्वस्त होत आहेत. संध्याकाळचे दोन-चार तास पुढच्या काही वर्षांत बॅटऱ्याच सांभाळतील असा माझाही अंदाज आहे. शिवाय सह्याद्री आपल्याला फुकट मिळालेली बॅटरी आहे. दिवसा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. भिरा आणि घाटघरला ते चालतेच, आणि कोयना तर कित्येक दशके महाराष्ट्राची संध्याकाळ उजळते आहे. म्हणूनच मी म्हणतो की विजेसाठी नवा एकही गॅस प्रकल्प नको. उभे आहेत ते वापरावेत, म्हातारे होतील तसे मोडीत काढावेत.

पण बॅटरीला न झेपणारा एक महिना आहे, ऑक्टोबर. पाऊस ओसरतो, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या मंदावतात, आभाळ निवळून ऊन तापते आणि मागणी उसळते. त्याच सुमारास खाणींत पावसाचे पाणी साचलेले असते आणि औष्णिक केंद्रांपाशी कोळशाचे ढीग खाली गेलेले असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या बहुतांश औष्णिक केंद्रांत कोळशाचा साठा चिंतेच्या पातळीला गेला होता, ते आठवत असेल. चार तासांची बॅटरी चार तासांची उणीव भागवते. तीन आठवड्यांची उणीव भागवायला साठवलेले इंधन लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी उन्हाळ्याआधीच, भाव उतरलेले असताना, गॅसची जहाजे ठरवून ठेवणे हे साधे बेगमीचे काम आहे. आपल्या आज्या पावसाळ्यासाठी सांडगे-पापड मेमध्ये करायच्या, जुलैत नव्हे.

दुसरी जागा भट्टीची. बेकरीची लहान भट्टी झाली, आता मोठ्या बघू. गुजरातेत मोरबीला देशातल्या बहुतेक फरशा बनतात. तिथे कारखान्यातच यंत्रे लावून कोळशापासून गॅस काढून जाळायचे, त्यातून निघणाऱ्या डांबरी पाण्याने परिसर नासला होता. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ती यंत्रे बंद करायला लावली आणि सगळी मोरबी पाइपच्या गॅसवर आली. हवा सुधारली. मग २०२१-२२ मध्ये गॅस महागला आणि कारखाने एकामागून एक प्रोपेनकडे वळले. लवादाने एका दिवसात घडवून आणलेला बदल भावाने दोन वर्षांत विस्कटला. सुदैवाने प्रोपेनही कोळशाइतका वाईट नाही, पण भाव तसाच राहिला असता आणि लवाद नसता, तर मोरबी कुठे गेली असती हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्याकडे भिवंडी-इचलकरंजीच्या सायझिंगच्या आणि कापड-प्रक्रियेच्या बॉयलरमध्ये काय काय जळते, हे तिथल्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला ठाऊक असते. तिथे गॅस आला पाहिजे. विजेवर चालणारे बॉयलर येतील तेव्हा तेही यावेत, पण वस्त्रोद्योगातला लहान मालक तेवढी गुंतवणूक उद्या सकाळी करणार नाही.

खताचे थोडक्यात. युरियासाठी लागणारा हायड्रोजन गॅसमधून काढतात. अलिबागजवळच्या थळचा कारखाना बॉम्बे हायच्या गॅसवर १९८५ च्या सुमारास उभा राहिला तो याचसाठी. त्याआधी समुद्रात तेलासोबत निघणाऱ्या गॅसचा मोठा हिस्सा तिथेच जाळून टाकला जात असे. हरित हायड्रोजन परवडेपर्यंत खताला गॅस लागणारच, यात वादाला फारशी जागा नाही.

वाहनांच्या बाबतीत काळ सरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्यांना सीएनजीवर यायला सांगितले. मुंबईत महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली आणि पुढे काळी-पिवळी टॅक्सी गॅसवर आली. डिझेलच्या टॅक्सीमागे सायकल चालवलेल्या माणसाला त्या बदलाचे मोल सांगावे लागत नाही. त्या वेळी सीएनजी डिझेलच्या जागी आला, योग्यच झाले. आज मात्र शहरातली नवी बस सीएनजीची घेतली तर ती डिझेलच्या नव्हे, विजेच्या बसच्या जागी येते. जागा बदलली, न्यायही बदलला. पुण्यातल्या पीएमपीच्या जुन्या सीएनजी बसगाड्या चालू द्याव्यात, पण नव्या घेताना हाच प्रश्न विचारावा. स्वयंपाकघरातही तेच. बंगल्यात सिलिंडरच्या जागी पाइप आला की सोय होते, कार्बन फारसा वाचत नाही. तो सुटलेला सिलिंडर सातपुड्यातल्या धडगावच्या चुलीपर्यंत पोचला आणि तिथल्या घराला तो पुन्हा भरून घेणे परवडले, तर मोठा फायदा. पाइपलाइनची जोडणी किती लाख झाली, याच्या जाहिराती येतात. सुटलेल्या सिलिंडरचे पुढे काय झाले, याची कधी वाचली नाही.

आता गॅसच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, तो टाळून चालणार नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला तर बरा, न जळता निसटला तर भयंकर. वीस वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट तापवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत तीन टक्क्यांच्या आसपास गळती झाली, तरी कोळशावरची त्याची आघाडी वीस वर्षांच्या हिशेबात पुसली जाऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या ॲलिसो कॅन्यनला २०१५-१६ मध्ये एकाच विहिरीतून सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये मांडले की अमेरिकेतून जहाजाने जाणारा द्रवरूप वायू वीस वर्षांच्या मापाने कोळशाहून ३३ टक्के वाईट आहे. त्यांच्या गृहीतकांवर बरीच टीका झाली. शंभर वर्षांचे माप लावले तर चित्र गॅसच्या बाजूने झुकते. मला वाटते, हा वाद कोणते माप खरे याचा नाहीच, गळती मोजली का याचा आहे. कतारचा गॅस आणि टेक्ससच्या खडकातून फोडून काढलेला गॅस पाइपमध्ये सारखेच दिसतात, पण त्यांच्या मागची गळती सारखी नसते. आपण गळती न विचारता दोन्ही घेतो आणि एकाच रकान्यात लिहितो. ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये मिथेन ३० टक्के घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. भारत तिच्यात नाही. गाई-म्हशी आणि भातशेतीमुळे नाही, हे कारण मी मान्य करतो. गोठ्यातल्या गाईला जाब विचारू नका. पण गॅस कंपनीला विचारायला काय हरकत आहे? जहाज घेताना गळतीचा दाखला मागावा, आणि दाखला नसेल तर पैसे कापावेत. ऊस तोडणाऱ्या मजुराच्या मोळीत पाचट किती आहे ते आपण काटेकोर तपासतो.

ऊस आलाच आहे तर तेवढेही सांगतो. साखर कारखान्यात रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडपासून बायोगॅस करता येतो, आणि तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच. २०१८ मध्ये देशभर असे पाच हजार प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभारण्याची घोषणा झाली. झाले त्याच्या फार थोडे. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टन ऊस गाळला जातो. साडेतीन टक्के प्रेसमड धरा, त्यातून चार टक्के गॅस धरा, तर माझ्या ढोबळ हिशेबाने दीड लाख टनांच्या आत-बाहेर गॅस होतो. देशाच्या गरजेत हा थेंब आहे, मुंबईसारख्या महानगराच्या गरजेत मात्र नजरेत भरेल एवढा. आणि तो कोणाच्या जागी येतो? उघड्यावर कुजून निसटणाऱ्या मिथेनच्या. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचेही तेच. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा मुंबईने दिवसचे दिवस धूर श्वासात घेतला. जो गॅस आपण हजारो मैलांवरून थंड करून आणतो, तोच चेंबूर-गोवंडीच्या लोकांच्या नाकाखाली फुकट निसटतो.

ब्रिटनचे उदाहरण गॅसवाले फार देतात, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २०१२ मध्ये तिथली ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. यात गॅसचा हात मोठा होता. पण त्यांच्याकडे उत्तर समुद्राचा गॅस होता, गॅस प्रकल्प आधीच उभे होते, आणि २०१३ पासून सरकारने कार्बनवर असा कर लावला की कोळसा आपोआप मागे पडला. तो कर आणि समुद्रातल्या पवनचक्क्या वगळून नुसता गॅस सांगणे म्हणजे पुरणपोळीची कृती सांगताना पुरण विसरणे. आणि २०२२ मध्ये त्याच ब्रिटनमधल्या घरांना गॅसची बिले भरताना घाम फुटला.

तेव्हा १५ टक्के सोडून द्यावेत. त्याऐवजी पेट्रोलियम मंत्रालयाने दर वर्षी एवढेच सांगावे की वाढलेला गॅस किती टन कोळशाच्या, भंगार लाकडाच्या, फर्नेस ऑइलच्या जागी गेला आणि किती नुसताच वाढला. गॅसचे प्रकल्प वर्षभराच्या नव्हे, तासांच्या करारावर घ्यावेत. तयार राहण्याचे थोडे भाडे आणि चालले तेवढ्याचे इंधन, तेही रुपयांत. आणि गॅस वस्तू व सेवा करात आणावा. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ मध्ये गॅसवरचा मूल्यवर्धित कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, हे चांगलेच झाले. पण त्या कराची वजावट पुढच्या करात मिळत नाही. कारखानदार कोळसा घेतो तेव्हा त्यावरचा कर वळता होतो, गॅस घेतो तेव्हा होत नाही. स्वच्छ इंधन घेणाऱ्याला दंड आणि धुराला सूट, अशी ही रचना २०१७ पासून चालली आहे आणि राज्यांना महसूल सुटेल या भीतीने कोणी तिला हात लावत नाही.

पाववाल्याला यातले काही माहीत असायची गरज नाही. त्याला दोनच गोष्टी हव्यात: गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली पाइप त्याच्या दारात यावी, आणि तिच्यातून येणाऱ्या गॅसचा भाव पुढच्या वर्षी भंगार लाकडाकडे परत ढकलेल इतका उडी मारू नये. पहिली गोष्ट खोदकामाच्या परवानगीवर अडली आहे आणि दुसरी होर्मुझवर. निदान पहिली तरी महापालिकेच्या हातात आहे.